कला परिषदांचा पैसा: प्रयोगाला द्यायचा की दोन प्रयोगांमधल्या काळाला?

धागा : रंगवेल

मोठ्या शहरांपासून दूरच्या भागांत कला टिकावी म्हणून बहुतेक देशांत एखादी सार्वजनिक यंत्रणा असते. कुठे मंत्रालयाचं खातं, कुठे स्वायत्त कला परिषद, कुठे अकादमी. चर्चा निघाली की ती 'किती पैसे मिळतात' इथेच अडकते. मला वाटतं, त्याच्या आधीचा प्रश्न 'कशाचे पैसे मिळतात' हा आहे.

बहुतांश अनुदान योजना प्रयोग मोजतात. दहा गावांत दहा प्रयोग, तर दहा प्रयोगांचे पैसे. सात जणांच्या नाट्यसंस्थेचा असा एक दौरा कागदावर मांडून पाहा. तालमी १८ दिवस, प्रयोग १०, प्रवासात आणि मांडामांडीत जाणारे जादा दिवस ६. म्हणजे माणशी ३४ दिवस आणि सात जणांचे मिळून २३८ मनुष्यदिवस. अर्जात मात्र मानधन लिहिलेलं असतं सात गुणिले दहा, म्हणजे ७० मनुष्यदिवसांचं. खऱ्या कामाच्या तीस टक्क्यांहूनही कमी. उरलेले १६८ दिवस कलाकार पदरमोड करून भरतात, बहुधा दुसऱ्या नोकरीतून रजा काढून. मंजूर रक्कम पूर्ण मिळाली, प्रयोग रंगले, अहवाल वेळेत गेला, तरी दौरा संपल्यावर संस्था आधीपेक्षा अशक्त झालेली असते.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये याचं मूळ नेमकं दाखवलं. कारखान्यात यंत्रं सुधारली की एका माणसाच्या हातून जास्त माल निघतो आणि त्या जोरावर मजुरी वाढते. चार वादकांना एखादी रचना वाजवायला मात्र दोनशे वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो. बाहेर मजुरी वाढली की कलाकारालाही वाढवून द्यावी लागते, पण त्याच्या हातून निघणारं काम काही वाढत नाही. त्यामुळे खर्च आणि तिकिटांचं उत्पन्न यांतली फट दरवर्षी रुंदावते. यात गैरकारभार काही नाही, कामाची जातच तशी आहे. शहरात मोठं सभागृह आणि प्रायोजक ही फट थोडीफार बुजवतात. दीडशे खुर्च्यांच्या सभागृहात ती बुजवायला काहीच नसतं.

म्हणून यंत्रणेनं प्रयोग विकत घेण्यावरचा भर कमी करावा आणि तालमीची जागा, अर्धवेळ व्यवस्थापक, सामानाची देखभाल, शिकाऊ कलाकार यांवर जास्त खर्च करावा, असं माझं ठाम मत आहे. जाणकारांनी आपापल्या बाजूचा तपशील द्यावा. वाटपाचं सूत्र, अर्ज, परीक्षण, हिशेब, जे माहीत असेल ते.

प्रतिसाद १ : जमाखर्च

मनुष्यदिवसांचं गणित अगदी बरोबर. त्यात आणखी एक भर घालतो: रक्कम पुरेशी असूनही संस्था बुडते, कारण पैसा चुकीच्या वेळी येतो.

एकूण खर्च १०० धरा. यंत्रणा ७५ देणार, संस्था २५ उभे करणार. करारात पहिला हप्ता निम्मा, म्हणजे ३७.५. पहिला पडदा उघडण्याआधीच तालमींचं मानधन, नेपथ्य, सभागृहांची आगाऊ रक्कम आणि छपाई यांत ६० खर्च होऊन जातात. संस्थेचे २५ तिकिटांतून यायचे, म्हणजे प्रयोग झाल्यावर. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी २२.५ ची खोट. ती कुणीतरी घरातून किंवा उधारीवर भरतं, आणि त्या उधारीचं व्याज कुठल्याच अंदाजपत्रकात बसत नाही.

पहिला हप्ता ८० टक्के केला की तो ६० होतो आणि खोट नाहीशी होते. यंत्रणेच्या तिजोरीतून एक पैसाही जास्त जात नाही. मग ८०-१५-५ असे हप्ते पाडावेत: ८० करारावर सह्या झाल्या की, १५ निम्मे प्रयोग झाल्याच्या साध्या कळवण्यावर, ५ अंतिम हिशेब आल्यावर. अहवाल यावा म्हणून २० ते २५ टक्के अडकवून ठेवायची पद्धत लहान संस्थांच्या मुळावर येते. अहवाल तपासायला यंत्रणेला चार महिने लागले, तर तेवढे चार महिने संस्था पुढचं काम सुरूच करू शकत नाही.

अंदाजपत्रकात हमखास राहून जाणाऱ्या बाबी: तालमीचं मानधन, तंत्रज्ञाचा मांडणीचा दिवस, परतीची वाहतूक, विमा, रचनेचे हक्क, चित्रीकरण, अपंग प्रेक्षकांसाठीची सोय. कार्यालयीन खर्चाला १२ ते १५ टक्के आणि आकस्मिक खर्चाला ५ टक्के धरावेत. आकस्मिक खर्चाची ओळ बघून परीक्षक नाराज होतील या भीतीनं लोक ती गाळतात. खरं तर ती नसेल तर अर्जदारानं यापूर्वी दौरा केलेला नाही हे लगेच कळतं.

प्रतिसाद २ : दूरचा_पल्ला

हे झालं एका संस्थेचं. त्याच्या वरच्या पायरीवर, प्रदेशांमध्ये पैसा वाटतानाच निम्मा निकाल लागलेला असतो.

यंत्रणेकडे ९०० एकक आहेत आणि तीन प्रदेश आहेत. लोकसंख्या ६०, ३० आणि १० टक्के. निव्वळ डोक्यांवर वाटलं तर ५४०, २७० आणि ९०. आता आधी ३० टक्के रक्कम, म्हणजे २७०, तिघांत सारखी वाटा. प्रत्येकी ९०. उरलेले ६३० लोकसंख्येवर वाटा: ३७८, १८९ आणि ६३. बेरीज ४६८, २७९ आणि १५३. सर्वांत लहान प्रदेशाचा वाटा ९० वरून १५३ झाला, मोठ्याचा साडेतेरा टक्क्यांनीही कमी झाला नाही. पायाभूत समान वाटा का हवा, तर एक सभागृह चालवायचा, एक कला अधिकारी नेमायचा खर्च लोकसंख्या कमी म्हणून कमी होत नाही. उलट अंतर वाढलं की वाढतो. म्हणून तिसरा घटक विरळपणाचा: दर चौरस किलोमीटर किती माणसं आणि सर्वांत जवळचं सुसज्ज सभागृह किती तासांवर. किलोमीटर मोजण्यापेक्षा तास मोजावेत, डोंगराळ भागात आणि बेटांवर किलोमीटर फसवतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीच्या कायद्यात राज्यांना किमान रकमेची तरतूद आहे. आज त्याच्या कार्यक्रमनिधीतला ४० टक्के भाग ५६ राज्य व प्रदेश संस्था आणि ६ प्रादेशिक संघटना यांच्याकडे थेट जातो. हा वाटा दरवर्षी कुणाच्या मर्जीवर ठरत नाही, हे त्यातलं मोलाचं.

सर्वांत मोठी चूक होते ती मागणीवर वाटप केल्यानं. 'त्या भागातून अर्जच आले नाहीत' म्हणून पैसे दुसरीकडे वळवले जातात. अर्ज लिहायला माणूस लागतो आणि तो माणूस ज्या प्रदेशात आधीच पैसा आहे तिथेच असतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अर्ज कमी आले तर यंत्रणेनं तिथे माणूस पाठवायचा असतो.

प्रतिसाद ३ : कोरा_कागद

दोन्ही प्रतिसाद वाचनखुणेत साठवले. एक शंका: वाटपाचं सूत्र कुणी ठरवायचं, मंत्र्यांनी की परिषदेनं?

प्रतिसाद ४ : विंगेतून

@कोरा_कागद, प्रदेशांत वाटायचं सूत्र लोकप्रतिनिधींनी ठरवावं आणि उघडपणे ठरवावं, कारण ते धोरण आहे. कुठल्या नाटकाला पैसे मिळणार हे मात्र त्यांनी ठरवू नये. एक हात अंतर राखण्याचं तत्त्व म्हणतात ते हेच.

ब्रिटनमध्ये १९४० मध्ये युद्धकाळात संगीत आणि कलांच्या उत्तेजनासाठी एक मंडळ निघालं. सुरुवातीचा पैसा पिलग्रिम ट्रस्ट या खासगी न्यासाचा होता, मग सरकारनं त्यात भर घातली. त्याचंच १९४६ मध्ये शाही सनदेनं कला परिषदेत रूपांतर झालं. त्यामागचे प्रमुख जॉन मेनार्ड केन्स. पैसा संसदेचा, निर्णय परिषदेचा, ही रचना पुढे अनेक देशांनी उचलली. अमेरिकेत त्याआधी उलटं घडलं होतं. १९३५ मध्ये सुरू झालेला संघीय नाट्य प्रकल्प थेट सरकारी कार्यक्रम होता. नाटकांच्या आशयावरून राजकीय वाद पेटला आणि १९३९ मध्ये काँग्रेसनं पैसा तोडला, प्रकल्प तिथेच संपला. मध्ये कुणी आडोसाच नव्हता.

पण सरकारपासून अंतर राखलं म्हणजे प्रदेशांशी जवळीक आपोआप येते असं नाही. त्याच ब्रिटिश परिषदेनं 'दर्जा वाढवायचा की प्रसार करायचा' या वादात दर्जाची बाजू घेतली आणि १९५० च्या दशकात आपली प्रादेशिक कार्यालयं बंद केली. उत्तर म्हणून १९५६ मध्ये नैर्ऋत्य इंग्लंडातल्या लोकांनी स्वतःची प्रादेशिक कला संघटना उभी केली. तशा संघटना देशभर निघाल्या, १९९१ मध्ये त्यांची प्रादेशिक मंडळं झाली आणि २००२ मध्ये ती पुन्हा एकाच परिषदेत विलीन झाली. केंद्राकडे, प्रदेशाकडे, परत केंद्राकडे असा हा लंबक आहे. प्रत्येक झोक्यात प्रादेशिक कर्मचाऱ्यांकडचं स्थानिक ज्ञान सांडतं. कुठल्या सभागृहाचा रंगमंच उतरता आहे, कुठली संस्था हिशेबात चोख आहे पण अर्ज लिहायला कच्ची आहे, हे फायलीत नसतं.

फ्रान्सनं वेगळी वाट घेतली. तिथे मंत्रालयाचीच सांस्कृतिक संचालनालयं १९७७ पासून प्रदेशांत आहेत आणि १९८२ पासून केंद्र सरकार आणि प्रदेश मिळून चालवलेले समकालीन कलेचे प्रादेशिक निधी आहेत. हे निधी कलाकृती विकत घेतात आणि शाळा, ग्रंथालयं, लहान दालनं यांना फिरवायला देतात. भारतातल्या सात विभागीय सांस्कृतिक केंद्रांच्या रचनेत मला आवडणारी गोष्ट ही की एकच राज्य एकाहून अधिक केंद्रांचं सदस्य असू शकतं. महाराष्ट्र उदयपूरच्या केंद्रातही आहे आणि नागपूरच्याही. कलेचे प्रदेश नकाशावरच्या रेघांवर थांबत नाहीत, हे निदान कागदावर तरी मान्य झालेलं आहे.

प्रतिसाद ५ : पानगळ

रंगवेल, तुमच्या मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे.

तालमीची जागा, व्यवस्थापक अशा क्षमतेला पैसे म्हणजे प्रत्यक्षात आज ज्यांच्याकडे क्षमता आहे त्यांना पैसे. बहुवर्षीय अनुदानाच्या यादीत एकदा शिरलेली संस्था सहसा बाहेर पडत नाही. एकूण निधी वाढत नसतो, त्यामुळे नव्यांसाठी जागाच उरत नाही. प्रकल्प अनुदानात दरवर्षी सगळे एका रेषेवर उभे राहतात, हा त्याचा गुण तुम्ही नजरेआड करता आहात.

पारंपरिक कलांत तर हे जास्तच जाणवतं. जपाननं १९५० च्या सांस्कृतिक संपदा कायद्यात १९५४ मध्ये दुरुस्ती करून कौशल्यधारकांना मान्यता द्यायला सुरुवात केली. त्यांना वर्षाला २० लाख येन मिळतात, ते स्वतःची कला घासूनपुसून ठेवायला आणि शिष्य घडवायला. दक्षिण कोरियानं १९६२ च्या कायद्याच्या आधारे मुख्य धारक, त्याखाली सहायक शिक्षक, त्याखाली प्रशिक्षित शिष्य अशी उतरंडच बांधली. दोन्हीकडे कला वाचल्या, हे नाकारणार नाही. पण मान्यता ज्या घराण्याला मिळाली त्याचीच शैली 'खरी' ठरते, शेजारच्या खोऱ्यातली वेगळी शैली अशुद्ध ठरते आणि तिचे शिष्य आटतात. राखण करायला गेलं की कुंपणही येतं.

प्रतिसाद ६ : रंगवेल

पानगळ, कुंपणाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. निधीचे तीन कप्पे करावेत असं मी सुचवेन: साधारण ६० टक्के तीन ते चार वर्षांच्या करारांना, ३० टक्के एकेका प्रकल्पाला, आणि १० टक्के फक्त पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना. शेवटचा कप्पा जुन्यांना बंद. त्यातले पैसे उरले तरी दुसऱ्या कप्प्यात वळवायचे नाहीत, पुढच्या फेरीला न्यायचे. नाहीतर वर्षाअखेरीला ते हमखास मोठ्या महोत्सवांकडे जातात.

आणि बाहेर पडायचा रस्ता आत येतानाच करारात लिहिलेला हवा. निधी थांबवायचा असेल तर किमान १२ महिने आधी कळवायचं आणि पुढची दोन वर्षं रक्कम दोन तृतीयांश, मग एक तृतीयांश अशी उतरवत न्यायची. इंग्लंडच्या कला परिषदेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेरा या संस्थेला नियमित अनुदानाच्या यादीतून काढलं आणि लंडनबाहेर स्थलांतर करायला तीन वर्षांसाठी १ कोटी ७० लाख पौंड देऊ केले. नवी व्यवस्था लागू व्हायची होती एप्रिल २०२३ पासून, म्हणजे जेमतेम पाच महिन्यांत. पैसा लंडनबाहेर जायला हवा हा हेतू मला पटतो. पण वाद्यवृंद आणि गायकवृंद पाच महिन्यांत उचलून दुसऱ्या शहरात रुजत नाही, आणि ज्या शहरात तो जाणार तिथल्या संस्थांनाही तयारीला वेळ लागतो. पुढे मुदत लांबवावी लागली आणि मँचेस्टर परिसर ठरायला आणखी वर्ष गेलं.

प्रतिसाद ७ : तिसरी_घंटा

परीक्षण मंडळाबद्दल कुणीच लिहिलेलं नाही, म्हणून थोडं सविस्तर.

मंडळ ५ ते ७ जणांचं असावं, मुदत तीन वर्षं, दरवर्षी एक तृतीयांश बदलावेत. प्रत्येक अर्ज किमान तिघांनी पूर्ण वाचावा आणि गुण बैठकीच्या आधी स्वतंत्रपणे कळवावेत. बैठकीत पहिला बोलणारा ज्येष्ठ असेल तर बाकीचे त्याच्याकडे झुकतात, म्हणून गुण आधी बंद झालेले हवेत. अर्जदाराशी नातं किंवा व्यवहार असेल तर त्या सदस्यानं खोलीबाहेर जायचं. खोलीत गप्प बसून राहणं पुरेसं नाही.

निव्वळ सरासरीवर निकाल लावू नये. पाचपैकी ५, ५, १ असे गुण मिळालेला अर्ज आणि ४, ४, ३ मिळालेला अर्ज, दोघांची बेरीज ११. सरासरी सारखी, पण पहिल्या अर्जात दोघांना विलक्षण काहीतरी दिसलं आहे आणि तिसऱ्याला एक तर ते कळलेलं नाही किंवा त्याला काही गंभीर खोट दिसली आहे. गुणांत तीन किंवा अधिकचं अंतर असेल तर त्या अर्जावर चर्चा सक्तीची, असा नियम ठेवावा. प्रादेशिक बोलीतली कामं नेमकी अशाच अर्जांत सापडतात.

बोली समजत नसली की परीक्षक नकळत चित्रफितीच्या दर्जाला गुण देतो. तीन कॅमेऱ्यांनी टिपलेलं मध्यम काम पुढे जातं आणि एका फोनवर टिपलेलं अस्सल काम मागे पडतं. उपाय फार खर्चाचे नाहीत. नमुना म्हणून कापाकापी न केलेली सलग दहा मिनिटं मागावीत, एकाच जागेवरून टिपलेली. सोबत संहितेचा किंवा गीताचा शब्दशः अर्थ एक पानभर. ती बोली जाणणारा एक परीक्षक त्या अर्जापुरता जोडावा. आणि अर्ज तोंडी देण्याची सोय असावी: १५ मिनिटांचं ध्वनिमुद्रण, प्रश्न तेच, गुणांची पट्टीही तीच.

नाकारलेल्या प्रत्येक अर्जाला दोन वाक्यांचं तरी लेखी कारण द्यावं. 'निधीच्या मर्यादेमुळे' हे कारण नाही. 'अंदाजपत्रकात तंत्रज्ञ नाही, सहा सभागृहांपैकी दोघांचंच संमतीपत्र आहे' हे कारण आहे. असं उत्तर मिळालेली संस्था पुढच्या वेळी सुधारून येते.

प्रतिसाद ८ : जमाखर्च

तिसरी_घंटा यांना जोरदार अनुमोदन. आता समरूप निधीबद्दल, म्हणजे 'तुम्ही जेवढे आणाल तेवढेच आम्ही देऊ' या अटीबद्दल. अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीचा सर्वसाधारण नियम एकास एक असा आहे. उद्योग, देणगीदार आणि श्रीमंत प्रेक्षक जिथे आहेत तिथे ही अट झरझर पुरी होते. विरळ वस्तीच्या प्रदेशात तीच अट फाटक बनते. सरकत्या पट्टीनं ती सुधारता येते: संपन्न प्रदेशात एकास एक, मधल्यात संस्थेचा एक आणि यंत्रणेचे दोन, दुर्गम भागात एकास चार.

वस्तुरूप वाटा, म्हणजे पैशांऐवजी मिळालेली जागा किंवा श्रम, धरायला हरकत नाही, पण कागद नीट हवेत. सभागृह मोफत मिळालं असेल तर मालकाचं पत्र, त्यात नेहमीचं भाडं आणि दिलेली सवलत दोन्ही. स्वयंसेवकांचे तास धरायचे असतील तर तारीख, काम, तास आणि सही असलेला तक्ता, आणि ताशी दर यंत्रणेनं आधी जाहीर केलेला. लेखापरीक्षणात सर्वाधिक सापडणारी चूक म्हणजे तेच तास दोन वेगवेगळ्या अनुदानांत दाखवणं. बहुतेक वेळा त्यात लबाडी नसते, दोन अर्ज दोन माणसांनी लिहिलेले असतात. तक्त्याच्या प्रत्येक ओळीपुढे अनुदानाचा क्रमांक लिहिला की हे टळतं. वस्तुरूप वाटा एकूण समरूप निधीच्या निम्म्यापुरताच धरावा, कारण वाहनाला इंधन सदिच्छेवर भरता येत नाही.

दुसरी अडचण: नगरपालिका म्हणते परिषदेची मंजुरी दाखवा, परिषद म्हणते नगरपालिकेची दाखवा. दोघांचेही पैसे तयार असतात आणि हंगाम निघून जातो. यावर उपाय सशर्त मंजुरीपत्राचा. 'इतकी रक्कम मंजूर, उरलेली ९० दिवसांत उभी राहिल्याचं दाखवल्यावर करार.' यंत्रणेनं आधी पाऊल टाकायचं, कारण तिच्या कागदाला वजन आहे.

प्रतिसाद ९ : फिरता_रंगमंच

दौऱ्यांबद्दल. वेल्सच्या कला परिषदेच्या 'नाइट आउट' योजनेची रचना अभ्यासण्यासारखी आहे. गावातली मंडळी कलाकार निवडतात, कलाकाराचं ठरलेलं मानधन योजना देते आणि तिकिटविक्रीतला ठरावीक वाटा परत योजनेकडे जातो. प्रेक्षक कमी आले तर तोटा गावावर येत नाही. 'काय बघायचं' हे गाव ठरवतं आणि जोखीम सार्वजनिक पैसा उचलतो. स्वीडनची रिक्सतेआतर्न ही १९३३ पासूनची फिरती रंगभूमीही स्थानिक प्रेक्षकसंघटनांच्या पायावर उभी आहे. राजधानीतून निवडून पाठवलेला दौरा आणि गावानं मागवलेला दौरा यांतला फरक खुर्च्या लावायला किती हात पुढे येतात त्यावरून कळतो.

सामानाच्या सामायिक कोठारावर यंत्रणा हौसेनं पैसे खर्च करतात. दिवे, ध्वनियंत्रणा, घडीचे चौथरे, काळे पडदे, सगळं एकदम येतं. दोन वर्षांत निम्मं निकामी होतं, कारण दुरुस्तीची ओळच नसते. खरेदीच्या किमतीच्या ८ ते १० टक्के दरवर्षी देखभालीला बाजूला ठेवावेत. बिघाड क्वचितच यंत्रात असतो, बहुधा तो तारेच्या टोकाला, जोडणीत असतो. ओढून काढलेली तार आतून तुटते, बाहेरून धड दिसते. म्हणून सामान परत आलं की प्रत्येक तार तपासणीच्या यंत्रावर लावून बघायची, नापास झालेल्या तारेला लाल पट्टी बांधून वेगळ्या पेटीत टाकायची. तिथल्या तिथे 'बघू नंतर' म्हणून परत गुंडाळून ठेवली की पुढच्या गावात ऐन प्रयोगात आवाज जातो. प्रत्येक दिव्यासोबत त्याची सुरक्षासाखळी मोजून घ्यायची. एका पेटीचं वजन २५ किलोच्या आत ठेवायचं, कारण लहान सभागृहाला मालवाहू उद्वाहक नसतो आणि जिना अरुंद असतो. पेटीच्या झाकणाच्या आत यादी चिकटवायची. कोठाराला किमान अर्धवेळ तंत्रज्ञ नसेल तर ते कोठार विकत घेऊच नये, भाड्याचे पैसे द्यावेत. ते स्वस्त पडतं.

प्रतिसाद १० : कोरा_कागद

लहान खर्चाच्या पावत्यांचं काय करायचं? छोट्या टेम्पोवाल्याकडे छापील बिल नसतं आणि अंतिम हिशेबात नेमका तोच खर्च नामंजूर होतो.

प्रतिसाद ११ : जमाखर्च

@कोरा_कागद, यंत्रणेनं आधीच नमुना द्यायला हवा. प्रमाणक, म्हणजे बिलाऐवजी चालणारा खर्चाचा कागद, एका पानाचं: तारीख, वाहन क्रमांक, कुठून कुठे, किलोमीटर, रक्कम, चालकाची सही, संस्थेच्या दोघांच्या सह्या. अशा प्रमाणकांची एकूण मर्यादा अनुदानाच्या १० टक्के. प्रयोगाची तारीख आणि वाहतुकीची तारीख जुळली की लेखापरीक्षकाला सहसा अडचण नसते. अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या एका शीर्षातून दुसऱ्यात १५ टक्क्यांपर्यंत रक्कम वळवायला परवानगी लागू नये. इंधन महागलं म्हणून छपाईतले पैसे वाहतुकीला वापरले, यासाठी तीन पत्रं आणि सहा आठवडे घालवणं दोन्ही बाजूंचं नुकसान आहे.

आणि अहवाल रकमेच्या प्रमाणात असावा. लहान अनुदानाला एक पान पुरतं: काय ठरलं होतं, काय झालं, काय बदललं आणि का, खर्चाचा तक्ता. चाळीस पानी अहवाल मागवून कुणीच वाचत नाही, हे मागणाऱ्यालाही माहीत असतं.

प्रतिसाद १२ : विंगेतून

एक राहिलं. बहुवर्षीय करार करा असं आपण सगळे म्हणतो आहोत, पण यंत्रणेलाच जर वर्षापुरता पैसा मिळत असेल तर ती चार वर्षांची हमी कशी देणार? स्कॉटलंडमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये क्रिएटिव्ह स्कॉटलंड या तिथल्या सार्वजनिक कला-यंत्रणेनं कलाकारांसाठीचा खुला निधी नव्या अर्जांना बंद करत असल्याचं जाहीर केलं, कारण सरकारकडून अपेक्षित रकमेची खात्री मिळाली नव्हती. कलाकारांनी आवाज उठवला, रक्कम मिळाली, निधी पुन्हा उघडला. मधल्या आठवड्यांत किती जणांनी काम सोडलं याची नोंद होत नाही. कॅनडाच्या परिषदेला मात्र १९५७ मध्ये स्थापनेच्या वेळीच ५ कोटी डॉलरचा कायम निधी मिळाला होता. दोन धनाढ्यांच्या मृत्यूनंतर आलेल्या वारसाकरातून तो उभा राहिला आणि सुरुवातीची वर्षं परिषद त्याच्या व्याजावर चालली. पुढे व्याज पुरेनासं झालं आणि संसदेचं वार्षिक अनुदान घ्यावंच लागलं. तरी ज्या वर्षी मंजुरी लांबते त्या वर्षी चालू करारांचे पहिले हप्ते द्यायला एवढा राखीव साठा प्रत्येक परिषदेकडे हवा. सहा महिन्यांच्या हप्त्यांइतका असला तरी पुरे.

प्रतिसाद १३ : पानगळ

राखीव साठ्याला माझाही पाठिंबा, आणि १० टक्क्यांचा नव्यांचा कप्पा जुन्यांना बंद राहणार असेल तर बहुवर्षीय करारांनाही. फक्त शिष्य घडवण्याच्या अनुदानात एक अट घाला: एकाच कलेच्या किमान दोन वेगवेगळ्या परंपरांना मान्यता दिल्याशिवाय त्या कलेची योजना सुरू करायची नाही. आणि शिष्याचं विद्यावेतन गुरूमार्फत न देता थेट शिष्याच्या खात्यात जमा करायचं. त्याला गुरू बदलायचा असेल तर वेतन त्याच्याबरोबर गेलं पाहिजे.

प्रतिसाद १४ : रंगवेल

ही अट मी माझ्या मांडणीत घेतो, थेट खात्याची तर नक्कीच.

अर्ज लिहिणाऱ्यांसाठी मनुष्यदिवसांच्या तक्त्याचे रकाने इथे देऊन ठेवतो: नाव किंवा भूमिका, तालमीचे दिवस, मांडणीचे दिवस, प्रयोगाचे दिवस, प्रवासाचे दिवस, एकूण दिवस, दर, एकूण रक्कम, आणि शेवटचा रकाना 'यापैकी विनामोबदला'. हा शेवटचा रकाना रिकामा सोडू नका. तिथे १६८ आकडा दिसत असेल तर तोच लिहा आणि बेरजेखाली त्याची रक्कम काढा. जमाखर्च यांनी सांगितलेल्या निम्म्याच्या मर्यादेत बसेल तेवढी रक्कम समरूप निधीत धरता येते, आणि जी बसत नाही ती किमान परीक्षकांच्या डोळ्यांसमोर येते.